पिंडासमोरचा शब्द

१४ सप्टेंबर, रविवार

बोरी ते झरी आणि परत. मांड्या पेटल्यात. बसलं तर उठता येईना, उठलं तर बसता येईना! प्रीतम म्हणाला, "काका, रोज किती चालवली ते लिहून ठेवत जा." म्हणून ही वही. पोरांची जुनीच आहे, अर्धी कोरी होती.

प्रीतम म्हणजे आदिनाथचा परभणीचा दोस्त, दोघं सोबत सायकल चालवायचे. आदिनाथ माझा धाकटा भाऊ. जूनमध्ये गेला. याच रोडवर, सकाळी, सायकलवर असताना पिकअपनं उडवला. अडतीस वर्षांचा होता. प्रीतमनं पुढचं चाक बदलून तीच सायकल मला नीट करून दिली.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनाला गेलो, तर सरपंच सगळ्यांसमोर म्हणाले — आपले भागवतराव कन्याकुमारीला चाललेत, सायकलवर! टाळ्या. मी एकोणपन्नास वर्षांचा, पोट सुटलेला गिरणीवाला. जिंतूरला जायचं तरी एसटीची वाट बघणारा. मान खाली घालून उभा राहिलो.

१८ सप्टेंबर

दहाव्याला आज तीन महिने झाले.

त्या दिवशी पिंड ठेवले, कावळे लिंबावर येऊन बसले, पण एक खाली उतरेना. दोन तास! मामा म्हणाले, त्याचा जीव कशात तरी अडकलाय, बोला त्याच्याशी. एकेक जण हात जोडून बोलायला लागला. पोरीला शिकवू. वावर मोडणार न्हाई. आईनं पदर पसरला — "तुझ्या बायकोला लेकीवाणी सांभाळते रे!" काही नाही. कावळे तसेच बसून.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं — आदिनाथ, तुझं कन्याकुमारीचं राहिलं ना, तुझी सायकल मी नेतो! नेतो म्हणजे नेतो!

कावळा आला. भाताला चोच लावली आणि उडाला. सगळे रडले. मी तर लेकरासारखा रडलो. सोळाशे किलोमीटर आहे, हे घरी आल्यावर आदिनाथनं जायचा बेत लिहून ठेवला होता त्या वहीत बघितलं.

२ ऑक्टोबर

दसरा. यंदा घरात सण नाही. आई म्हणाली, सायकलीला तेवढं हळदकुंकू लाव. लावलं. सविता, आदिनाथची बायको, पाण्याची बादली घेऊन बाहेर येत होती. सायकलीजवळ मला बघितलं आणि तशीच आत वळली.

आमच्यात धाकट्याची बायको भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. पदर घेऊन बाजूला होते. सोळा वर्षं झाली ती या घरात येऊन, मला थेट एक शब्द बोललेली नाही. काही असलं तर ते माझ्या बायकोच्या, राजेश्रीच्या तोंडून येतं. राजेश्रीला विचारलं, तिला काही म्हणायचंय का?

"ती काय म्हणणार! तिच्याच नवऱ्याचं काम करायलात की तुमी."

बरं वाटलं ऐकून.

११ ऑक्टोबर

पहिलं पंक्चर स्वतः काढलं. एक तास वीस मिनिटं लागली. राजेश्री शेजारी उभी — "तवर कन्याकुमारीच इकडं येईल की!"

२ नोव्हेंबर, रविवार

पिंगळीपर्यंत जाऊन आलो. ऐंशी किलोमीटरच्या वर. एकदाही उतरून ढकलली नाही!

आदिनाथ पडला त्या जागेवरून आजवर नजर चुकवून जायचो. आज थांबलो. चप्पल काढून हात जोडले.

पण परत येताना वारा पाठीवर होता, दोन्हीकडं कापूस पांढरा झालेला, आणि मी चक्क गुणगुणत होतो! कळलं तसा गप्प झालो. शरम वाटली. भाऊ गेला म्हणून सायकल हातात आली आणि मला सुख व्हायलंय! पण इथं खोटं कशाला लिहू — मला हे आवडायला लागलंय. लय आवडायलंय. गजर व्हायच्या आधी जाग येते. उद्या कुणी म्हणालं, शब्द माफ केला, तरी मी जाईन.

९ नोव्हेंबर

पँट सैल झाली. आई म्हणाली, "पाठमोरा आदिनाथच दिसायलास रे." सविता भाकरी थापत होती. तव्यावरची भाकर तशीच टाकून उठून गेली.

१६ नोव्हेंबर

पडलो. उसाचा ट्रॅक्टर अंगावर आला, रोडखाली उतरवली, कोपर सोललं. घरी सांगितलं नाही. बाह्या खाली ओढून जेवलो.

राजेश्री म्हणाली, मला उशीर झाला तर सविता पार रोडपर्यंत जाऊन उभी होती. दीड तास. "तुमी लांबून दिसलात तशी माघारी आली." म्हटलं, जीव लावते बिचारी.

२९ नोव्हेंबर

उद्या निघायचं. दोन पिशव्या मागं बांधल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दोन ट्यूब, पंप. प्रीतम नांदेडपर्यंत सोबत येतोय. सरपंचांनी हार सांगितलेत, हलगीवाले सांगितलेत, बॅनर लागलंय. बॅनरवर आदिनाथचा फोटो वर, माझा खाली.

आई माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "आता त्याला मोकळं वाटंल." मलाही तसंच वाटतंय. मी तयार आहे.

३० नोव्हेंबर, सकाळी सहा

अंगणात चाकांतली हवा बघत होतो. मागून आवाज — "दादा."

आवाज ओळखूच आला नाही. सविता. पदर डोक्यावर, पण तोंड माझ्याकडं.

"त्या दिशी तुमी पिंडापुढं बोललात, तवाच मी बी बोलले. मनात. म्हणलं, ह्या सायकलीवर ह्या घरातलं माणूस पुन्हा बसू देणार न्हाई. तवाच कावळा शिवला. कुणाचं ऐकून शिवला, मला काय ठावं! पण अडीच महिने झाले दादा, तुमी माघारी येस्तोवर रोज जीव जायलाय माझा."

आणि आत गेली.

मी गावाला विचारलं, प्रीतमला विचारलं, मेलेल्याला विचारलं. तिला विचारलं नाही.

चौकात हलगी सुरू झालीय. सायकल आत नेऊन ठेवली. मला जायचं होतं. लय जायचं होतं! आता हार घेऊन उभे आहेत त्यांना सांगायला चाललोय. पायी.