पाकिटातली शेंग

हलापा, १२ जानेवारी २०२१

चि. ओरालियास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

पत्र पोचलं, सोबतची व्हॅनिलाची शेंगही. तीस वर्षं तुझ्या प्रत्येक पाकिटात शेंग असते आणि पोस्टमन आधी हुंगून मगच पाकीट देतो. या वेळी त्याने नाक मुरडलं. शेंगेला बुरशीचा वास होता. करोनाच्या तापातून उठून ठणठणीत आहे, असं तू लिहितेस. मी चाळीस वर्षं शाळेत मुलांच्या थापा ऐकल्या आहेत. तुला वास येतो की नाही, एका ओळीत कळव. फोन नको, फोनवर तू गोड बोलून निसटतेस.

माया आहे म्हणूनच रागावते.
एदुविजेस

पापांतला, २१ जानेवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

एका ओळीत: नाही येत. पाच आठवडे झाले. विकायच्या शेंगांच्या जुड्या बांधताना शेंग नाकाशी धरते ते निव्वळ सोंग. बुरशीची एक शेंग आत गेली तर अख्खी पेटी नासते, हे आईने आपल्याला एकाच दिवशी शिकवलं. हे काम गेलं तर मी कोण, ताई? घरात कुणाला बोलले नाही. सूनबाई हासिंता आधीच म्हणते की सासूबाईंचं नाक घरभर फिरतं. तिला आयता आनंद कशाला देऊ?

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
ओरालिया

हलापा, २८ जानेवारी

चि. ओरालियास आशीर्वाद.

तू कोण ते पेट्या वाचल्यावर ठरवू. हे पत्र खाली ठेव, ऊठ आणि हासिंताला सांग. उद्या नाही. डॉक्टरांनाही दाखव.

एदुविजेस

पापांतला, ९ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

सांगितलं. हासिंता म्हणाली की तिला ठाऊक होतं. तिचा घेवडा करपला म्हणून मी अकरा वर्षं रोज बोलते. डिसेंबरात तो खरोखरच करपला, आणि मी दोनदा मागून घेतला. आधी ती खूश झाली, म्हणे; मग घाबरली. तेव्हापासून रोज दुपारी मी आडवी झाले की ती माझ्या जुड्या सोडायची, शेंग न् शेंग हुंगायची आणि माझ्यासारखीच गाठ मारून ठेवायची. सतरा शेंगा काढल्या. पेट्या शाबूत आहेत. तुझी शेंग मी परस्पर पाकिटात घातली, तेवढी तिच्या हातून सुटली. बोलली का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली की तुम्ही ऐकून घेतलं असतंत का?

आता ती हुंगते, मी बोटांनी पारखून बांधते. डॉक्टर म्हणतात, वास परतेल, पण महिने लागतील. रोज लवंग आणि लिंबू हुंगायला सांगितलंय. तेही तीच नाकाशी धरते. सोबतची शेंग तिने निवडली. मला ती नुसती काळी काडी. कशी आहे ते लिही.

तुझ्या धाकामुळे वाचले, तो असाच राहू दे.
ओरालिया

हलापा, १७ फेब्रुवारी

चि. ओरालियास आणि चि. हासिंतास आशीर्वाद.

पोस्टमनने पाकीट द्यायला वेळ लावला. शेंगेला आईच्या पदराचा वास आहे, सणाच्या दिवशीचा. यापेक्षा नेमकं मला लिहिता येत नाही.

हासिंता, तू आमच्या आईचं नाव राखलंस. ओरालियाचं नाक परत येईपर्यंत घेवड्याला नावं ठेवायला मी महिन्यातून एकदा येत जाईन.

एदुविजेस