पांढरा साका

१४ सप्टेंबर १९९८

साका पडला! माझ्या देखरेखीखालचा पहिला.

पाच दिवस तांदळाची कणी कारखान्याच्या टाकीत आंबत होती. जिवाणू आम्ल तयार करतात आणि स्वतःच्याच आम्लात मरायला लागतात, म्हणून मधूनमधून चुना घालत राहायचा. आम्ल चुन्याला धरून बसतं. ते सोडवायचं म्हणजे गंधकाचं तीव्र आम्ल घालायचं. मग चुना त्याच्याबरोबर खाली बसतो — पांढराशुभ्र साका — आणि वर राहतं ते आपलं लॅक्टिक आम्ल. बी.एस्सी.ला हे वहीत एका ओळीत होतं. आज आठशे लिटरमध्ये डोळ्यांनी पाहिलं.

पोंभुर्ण्याच्या बूथवरून अब्बांना फोन केला. चंद्रपुरात शेजारच्या दुकानात फोन आहे, पत्र्याची पेटी ठोकता ठोकता धावत आले. "बेटा, तुम वहाँ दही जमाती हो क्या?" म्हटलं, दह्यातलंच आंबट आहे अब्बा, फक्त दही नाही. खूप हसले. कळलं नाही तरी हसले.

२२ सप्टेंबर

जेवढा माल तेवढाच साका निघतो! शेडच्या मागे ढीग झालाय, पाऊस आला की नाल्यात जातो. मला ते बघवत नाही.

आज सोमारीनं विचारलं. गाळणीची कापडं धुते ती — माझ्याहून दोन वर्षांनी लहान, लग्न झालेली. "बाई, हे फेकून काऊन राह्यले? भिंतीच्या पांढऱ्या मातीसाठी आमी दोन कोस जातो."

मी साका तीनदा धुतला, लिटमस लावला. काही नाही. शाळेतला खडू जसा, तसा. मॅनेजर लोकेशसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, नेऊ द्या, ट्रॅक्टर वाचला. पण गेटवर चिठ्ठी तुम्ही द्या, केमिस्ट तुम्ही आहात.

अकरा बायकांना चिठ्ठ्या लिहिल्या. "धुतलेला, निर्धोक." खाली सही. शिकल्याचा उपयोग झाला असं आज पहिल्यांदा वाटलं.

१८ ऑक्टोबर

उद्या दिवाळी. सोमारीच्या गावी गेले होते. अकराही जणींची घरं पांढरी! तिची सासू इतवारीबाई म्हणाली, "तुमच्या पांढरीनं घर दुधावानी झालं जी." बाजेवर बसवलं. मग विचारलं —

"आमचा चहा चालते ना तुमाले?"

"का नाही चालणार?"

"मास्तरले नाई चालत."

"मास्तरांना काय माहीत चहा," म्हटलं. म्हातारी इतकी हसली की कप हिंदकळला.

३ नोव्हेंबर

नवीन आम्ल आलं. ड्रमवर लेबल नाही. घनता मोजली, १.२ सुद्धा नाही, आधीचं १.८ च्या वर होतं. साहेब म्हणाले, "आता पातळ करूनच मागवतो. सेफ्टी, मॅडम." बरं झालं. मागच्या महिन्यात एका थेंबानं सोमारीचं लुगडं जळालं होतं. आता ड्रम जास्त लागतील, लागू देत.

तळाला करडा गाळ आहे. पण साक्याबरोबर तोही गाळणीत अडकतो. दिवाळीनंतरही बायका साका नेतात, दर आठवड्याला भिंतीवर नवा हात फिरवतात; चिठ्ठ्या मीच देते.

२ डिसेंबर

जेवणाच्या सुट्टीत सोमारीनं पदराच्या गाठीतून पांढरा खडा काढला आणि तोंडात टाकला. मी पाहिलं तशी लाजली. पाचवा महिना आहे. बाकीच्या चिडवायला लागल्या — "हिच्या पोटात पोरगं नाई, भित आहे भित!" पोटुशी बाई भिंत चाखतेच म्हणे इकडे. इतवारीबाईनंही चाखली होती.

सोमारी म्हणाली, "बाई, खाऊ का नको? तुमी सांगा."

मी सांगितलं — कॅल्शियम आहे, बाळाच्या हाडांना चांगलं, धुतलेलं आहे, थोडं थोडं खा.

ती इतरांकडे बघून म्हणाली, "पाहा! बाईच म्हनते." मलाही मजा वाटली.

२१ डिसेंबर

रोजे सुरू झाले. नागपूरहून मालाचा रिपोर्ट आला. जड धातू — आढळले नाहीत. पहिल्या फटक्यात पास! साहेबांनी पेढे वाटले. मी माझा रुमालात बांधून आणला, इफ्तारीला.

९ जानेवारी १९९९

सोमारीला उलट्या. पोटात मुरडा येतो म्हणते. आज गाळणीची प्लेट तिच्या हातून पडली, मनगट लुळं पडल्यासारखं झालं. दवाखान्यात म्हणाले रक्त कमी आहे. लाल गोळ्या दिल्या.

११ जानेवारी

ड्रम उतरवताना ड्रायव्हर ओरडला, "संभालके! बैटरी का पानी है!"

बॅटरीचं. जुन्या बॅटऱ्या फोडून काढलेलं आम्ल.

बॅटरीत शिसं असतं. हे मला दहावीपासून माहीत आहे.

१२ जानेवारी

सगळे गेल्यावर मागे थांबले.

साका अमोनियम ॲसिटेटमध्ये उकळला, गाळला, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकले. पिवळा! शिसंच. तीनदा केलं. सप्टेंबरचा साका एका बाटलीत ठेवला होता, तोही तपासला — स्वच्छ. नोव्हेंबरपासून पुढचा प्रत्येक नमुना पिवळा.

आता कळतंय माल पास का झाला. गंधकाच्या आम्लात शिसं विरघळून राहत नाही, खाली बसतं. साक्यात. सगळं विष साक्यात गेलं म्हणून माल शुद्ध निघाला. आणि साका मी वाटला.

मी खा म्हणाले. तिनं विचारलं होतं. मी खा म्हणाले.

१३ जानेवारी

साहेबांना परीक्षानळी दाखवली.

"माल पास आहे ना? लोक माल खातात मॅडम. साका कोण खातं?"

"सोमारी खाते."

"मग तिला सांगा, भाकर खा म्हणून." हसले. मग हळू आवाजात, "चिठ्ठ्यांवर सही कोणाची आहे?"

१४ जानेवारी

गावात जाऊन सांगितलं. घरोघर. कोणाला पटेना. इतवारीबाई म्हणाली, "तुमीच तं चांगलं म्हनलं होतं. आता कंपनीले द्याचं नसन तं तसं सांगा नं! जहर कायले म्हनता?"

दोन्ही वेळा सांगणारी मीच.

सोमारी मात्र उठली. खुरपं घेतलं. मी तिला बाहेर बसवलं — धूळही नको — आणि भिंत पाण्यानं ओली करून तिचा नवरा मंगरू आणि मी खरवडली. दुपारभर. तोंडाला ओढणी. पांढऱ्याखालून लाल माती निघत गेली. शेजारणी दारात उभ्या. एकीनंही आपली भिंत खरवडली नाही.

२० जानेवारी

ईद. घरी आले. अम्मीनं शीरखुर्मा पुढे ठेवला, मी वाटी मागे सारली. अब्बांना सगळं सांगितलं. आपली वाटी त्यांनीही खाली ठेवली.

"दस्तखत तुम्हारी है?"

"हाँ."

"तो बोलना भी तुम्हीको पडेगा."

अम्मी रडायला लागली. पूर्‍या खानदानात एक मुलगी शिकली आणि ती कोर्टात उभी राहणार का, म्हणाली. मलाही धीर नाही. बाळ होऊ दे, मग तक्रार देईन, असं ठरवलंय. हा भित्रेपणा आहे, मला माहीत आहे.

२ फेब्रुवारी

सोमारी सातव्यातच मोकळी झाली. मुलगा. रडला नाही.

५ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणतात, शिशामुळेच असं सांगता येत नाही. रक्तातलं शिसं इथे तपासत नाहीत. पहिलटकरणीचं होतं कधी कधी असं. ते माझी समजूत घालत होते. मला समजूत नको होती, कोणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं.

सोमारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पायाशी बसले. न वळताच म्हणाली, "जेवल्या का बाई?"

८ फेब्रुवारी

तक्रार दिली. तीन पानं. कंपनीनं बॅटरीचं आम्ल वापरलं, साका कंपनीच्या संमतीनं वाटला, चिठ्ठ्या मी दिल्या, तपासणी न करता देत राहिले. दोषींमध्ये माझं नाव दुसरं.

हवालदार दोनदा वाचून म्हणाला, "ताई, सोताच्याच विरोधात देऊन राह्यल्या का?"

"कंपनीच्या. आणि माझ्या."

"चिठ्ठ्या दाखवा."

चिठ्ठ्या गेटवर जमा व्हायच्या. कंपनी म्हणते अशा चिठ्ठ्या नव्हत्याच. मला गेटमधूनच परत पाठवलं, उद्यापासून येऊ नका म्हणाले. साक्याच्या नमुन्यांच्या बाटल्या आतच राहिल्या.

हवालदार चांगला माणूस आहे. त्यानं सरळ सांगितलं — आता सगळं त्या अकरा बायकांच्या बयाणावर. कंपनीनं दिलं असं त्या म्हणाल्या, तर कंपनीला उत्तर द्यावं लागेल. नाही तर काही नाही.

म्हटलं, म्हणतील. खरंच आहे ते.

११ फेब्रुवारी

गावात अजून दहा भिंती पांढऱ्या आहेत. दोघी पोटुशा आहेत. केस उभी राहिली तर सरकारी माणूस येऊन भिंती तपासेल. माझ्या सांगण्यानं नाही खरवडल्या, सरकारच्या सांगण्यानं खरवडतील. तेवढं झालं तरी पुरे. माझं काय व्हायचं ते होवो.

१७ फेब्रुवारी

बयाणं झाली. अकराही जणींनी एकच सांगितलं — साका आम्ही चोरून नेला, बाईनं दिला नाही. सगळ्यांत आधी सोमारीनं. अंगठे लागले. चोरीचा माल, कंपनीचा संबंध नाही. भिंती बघायला कोणी येणार नाही.

काल लोकेशसाहेब गावात गेले होते म्हणे. एवढंच बोलले — दिला म्हणाल तर बाई जेलात जाईल.

ठाण्याच्या बाहेर सोमारीनं माझा हात धरला. तिच्या बोटांत अजून जोर नाही. म्हणाली, "आता भेवाचं काम नाई, बाई. तुमाले कोनी नाई नेत."