नाव रिकामं नाही

काआनाक, १९ एप्रिल

श्री. एस्किल यांस,
तुकुमेकचा नमस्कार.

तुमचं पत्र फेब्रुवारीतच पोचलं. उत्तराला उशीर झाला नाही, मी केला. तुमच्या संस्थेत सगळे खुशाल असतील. मीही बरी आहे. गुडघा धरतो, पण मासे साफ करायला गुडघा लागत नाही.

यंदाच्या हिवाळ्यात डिसेंबर सरत आला तरी खाडी गोठली नव्हती. आता गोठलीय, पण हॅलिबट मासे धरायला पोरं पूर्वीइतकी लांब जात नाहीत. निम्मी कुत्री पुतण्याला देऊन टाकली. म्होरकी कुत्री मात्र माझ्याकडेच आहे. दुसऱ्याच्या बर्फगाडीला ती जुंपून घेत नाही, मालकासारखीच हट्टी. बर्फाची जाडी मोजायला यंदा कुणी फिरकलं नाही. तुम्ही आता ऑफिसात बसून उपग्रहाची चित्रं बघता, असं दुकानात कळलं.

आता तुमच्या पत्राचं. खाडीच्या तोंडाशी नवं मोजणी-केंद्र उभं राहणार, त्याला आमच्या ह्यांचं नाव द्यायचं, पितळी पाटी लावायची, त्यावर ‘विज्ञानासाठी प्राण वेचले’ असं कोरायचं, आणि त्याला माझी परवानगी हवी. एस्किल, हे वाक्य त्यांनी ऐकलं असतं तर पोट धरून हसले असते. प्राण त्यांनी वेचले नाहीत, बर्फाने घेतले. तुमची यंत्रं पोचवायची आणि येताना एखादा सील मिळाला तर बघायचा, एवढ्यासाठीच गेले होते ते.

तुम्ही पत्रात लिहिलंय की चूक तुमची होती. तुमच्या चित्रात तो भाग पक्का दिसत होता, हे खरं. पण त्यांनीही पुढे उतरून लोखंडी सळई टोचून पाहिलीच होती ना? जन्मभर ज्या सळईवर विसंबले, तिनेही ‘चला’ म्हटलं. त्या वर्षी हिमवर्षाव लवकर आणि फार झाला. गोधडी पांघरल्यावर थंडी आत शिरत नाही, तसा त्या हिमाखाली समुद्राचा बर्फ जाड झालाच नाही, आणि पाण्याच्या ओढीने त्याला आणखी पोखरलं. हे तुम्हीच नंतर सगळ्यांना समजावून सांगितलंत. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. समजलं होतं मला. समजल्याने राग जात नाही.

बर्फ फुटल्यावर तुम्ही पोटावर सरपटत त्यांच्याकडे गेलात, त्यांनी ओरडून तुम्हाला मागे हटवलं, हेही मला ठाऊक आहे. तुम्ही ओल्या अंगाने माझ्या दारात उभे राहिलात तेव्हा मी विचारलं होतं, “यंत्रं शाबूत आहेत ना?” त्यानंतर तुम्ही या घरात पाऊल टाकलं नाही. मीही बोलावलं नाही.

त्या दिवसापासून त्यांचं नाव इथे कुणी उच्चारलं नव्हतं. आमची रीत तुम्हाला माहीत आहे. नाव नव्या बाळाला, मुलगा असो की मुलगी, मिळेपर्यंत ते कुणाच्या तोंडी येत नाही, आणि मिळालं की माणूस परत आला. पण गावात बाळ जन्मेल तेव्हा ना. सगळ्या तरण्या पोरी दक्षिणेकडे निघून गेल्यात.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात माझ्या भाचीला, आमालियाला, मुलगी झाली. पोर रडायची थांबेना. नर्सने तपासलं, काही सापडलं नाही. म्हाताऱ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ती नाव मागतेय, हे मलाही कळत होतं. पण मला देववेना. नाव दिलं की ते परत आले, आणि परत आलेल्या माणसासाठी रडायचं कसं? तुमच्यावर रागवायचं तरी कशासाठी? तेवढाच तर राग उरला होता माझ्याजवळ.

शेवटी गेले. तिच्या कानाशी वाकून म्हटलं, “आयाको.”

थांबली. माझ्याकडे बघितलं आणि झोपून गेली.

म्हणजे आता मला नवरा आहे, वय दोन महिने. मी तिला ‘अहो’ म्हणते. काल आमालिया म्हणाली, “मावशी, तुझ्या नवऱ्याने पुन्हा लंगोट ओला केलाय, तूच बदल.” सगळं घर हसलं. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी.

तेव्हा परवानगी मिळणार नाही. नाव रिकामं नाही, वापरात आहे. तुमच्या केंद्राला दुसरं काहीही नाव द्या.

पण त्यांची माणसं ती आता तिची माणसं. ते तुम्हाला ‘धाकट्या’ म्हणायचे, तीही म्हणणार. दार वाजलं की मान वळवून बघते. सगळे येऊन गेले, धाकटा तेवढा आलेला नाही. त्यांना आवडायच्या त्या चघळायच्या खारट काळ्या गोळ्या आणा. दात येईपर्यंत मी सांभाळून ठेवीन.

आणि पुढच्या वर्षी ती चालायला लागेल. एकदा चालायला लागली की बर्फावर जाणारच, अडवून ऐकणारी ती नव्हे. तिने पाऊल कुठे टाकायचं ते कुणीतरी आधी जाऊन बघायला हवं. सळई माझ्याकडे आहे. ऑफिसातून उठा, भावजी, आणि या. येताना यंत्रं घेऊन या.

तुमची वहिनी,
तुकुमेक

(आयाको मांडीवर झोपल्या आहेत.)