उलटं चालून दाखवा

बाबा, काल मी तुमच्या मॅगनीजच्या खाणीवर जाऊन आले. तुम्ही जिथून खाली उतरायचे ते तोंड आता सिमेंटनं बुजवलं आहे आणि शेजारच्या जुन्या खड्ड्यात हिरवं पाणी साचलं आहे, बायका तिथं कपडे धुतात. पलीकडच्या अंगाला नवं काम सुरू आहे, तिथली गाडी सकाळी रस्त्यावर पाणी मारत फिरते. आम्ही चौघं नागपूरहून गेलो होतो. आमचं काम सांगितलं तर तुम्हाला हसू आलं असतं. आम्ही धूळ गोळा करतो. घरांच्या छपरावरल्या कवेलूंवरची, संत्र्याच्या पानांवरची, शाळेच्या खिडकीतली. विहिरींचं पाणी घेतो, शेतांतली माती घेतो, आणि लोक तयार झाले तर त्यांची कापलेली नखंही मागून घेतो. मग प्रयोगशाळेत बसून त्या सगळ्यात मॅगनीज किती आहे ते मोजतो. तुम्ही जी धूळ अंगणात अंग घासघासून धुऊन टाकायचे, ती मी आता चमच्यानं डबीत भरून, वर झाकण लावून सोबत नेते.

तुमची मला पहिली आठवण आहे ती त्या धुण्याचीच. संध्याकाळी सायकल भिंतीला लागली की माय चुलीवरून गरम पाण्याचं पितळी गंज उतरवायची. तुम्ही अंगणातल्या दगडावर बसायचे आणि पाठीवरून काळं पाणी ओघळत जायचं. दुपट्टा पिळला तरी काळं. त्यानंतर भाकर, वरण, आणि आमचा अभ्यास. तुमचं अक्षर सौंसरच्या आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांत सुंदर होतं. विहाराबाहेरच्या फळ्यावर पौर्णिमेचा कार्यक्रम तुम्ही लिहायचे, टपोऱ्या अक्षरांत, आणि वंदनाही तुम्हीच घ्यायचे. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो तेव्हा सगळ्यांनी पोरांना खेळणी घेतली आणि तुम्ही माझ्यासाठी पुस्तकांच्या ढिगातून एक जुनं विज्ञानाचं पुस्तक काढलं. त्यात पृथ्वी मधोमध कापून आतले थर रंगवले होते. परतीच्या बसमध्ये ते माझ्या मांडीवर उघडं होतं आणि तुम्ही बोट ठेवून म्हणाले, "हे पाह्य, एवढं खोल आहे. आमी तं अजून वरच्या सालीतच खरडून राहिलो."

मग काहीतरी बदलू लागलं, आणि ते नेमकं कधी सुरू झालं ते आजही मला सांगता येत नाही. मी सातवीत असेन. आधी तुमचा आवाज गेला. म्हणजे बोलायचे तुम्ही, पण चढउतार नसलेलं, एका पट्टीत, आम्हाला पुन्हा पुन्हा विचारावं लागायचं. चेहरा हलेना. फळ्यावरचं अक्षर बारीक होत चाललं, ओळ टपोरी सुरू व्हायची आणि शेवटाला मुंग्यांएवढी. एकदा शेजारच्या म्हाताऱ्याच्या मयतीत, सगळे रडत असताना, तुम्हाला हसू फुटलं. थांबेना. तोंडावर दुपट्टा दाबून तुम्ही बाहेर आले, आणि मी पाहिलं, डोळ्यांत पाणी होतं आणि तोंड हसत होतं. माय चुलीपाशी म्हणाली, "थोडं मांगं सरा जी, कढई उतरवतो," आणि तुम्ही मागं सरायला गेले ते तसेच पाठीवर पडले, ताठ, झाड पडावं तसे. समोर नीट चालता यायचं तुम्हाला. मागं एक पाऊल टाकता यायचं नाही.

ज्या दिवशी तुम्हाला खाणीवरून परत पाठवलं, त्या दिवशी मी शाळेतून आले तर तुम्ही ओसरीवर बसलेले. दुपार होती आणि अंग स्वच्छ होतं, म्हणून मला आधी आनंदच झाला. तुमच्यासोबत ड्रिल मशीनवर असलेले काका मायला सांगत होते. मुकादमानं सगळ्यांसमोर म्हटलं, पिऊन आला हा, पाय ठरून नाही राहिले याचे, खाली पाठवला तर चार जणांचा जीव घेईल. तुम्ही म्हणाले, "म्या दारू नाही पेली जी." पण ते शब्दही जड जिभेनं आल्यासारखे निघाले आणि लोक हसले. काका म्हणाले, "मले बी वाटलं वहिनी, खोटं कायले बोलू." मायनं तुमच्यासमोर पाण्याचा गिलास ठेवला आणि त्या काकांना चहाही विचारला नाही. आमच्या घरी असं कधी झालं नव्हतं.

आमच्या मोहल्ल्यात दारू म्हणजे नुसती दारू नव्हती, हे मी तुम्हाला काय सांगू. पंचशील घेतलेली, दारूला न शिवण्याचं वचन दिलेली माणसं आम्ही. वंदना घेणारा माणूस पितो, ही गोष्ट आठवड्याभरात विहारापर्यंत पोचली आणि रविवारी सकाळी बैठक बसली. तुम्ही पहिल्या ओळीत, मी तुमच्या बाजूला, तुमचा हात माझ्या हातात, कारण तो थरथरायचा आणि धरला की थरथर थोडी कमी व्हायची. एक बुजुर्ग फार सौम्यपणे म्हणाले की आजार असेल तर आजार, पण लोकांत बोलणं होते, काही दिवस वंदना दुसऱ्यानं घ्यावी. तुम्ही होकाराची मान हलवली. तेवढ्यात मागून, बायकांतून, माय उठली. ती सभेत कधी बोललेली नव्हती. ती समोर आली आणि म्हणाली, "ज्याले वाटते हा माणूस पेते, त्यानं पुढं यावं. यायच्या तोंडाचा वास घ्या. इथंच घ्या, माह्यासमोर." कुणी हललं नाही. "काऊन? मांगून बोलता येते, समोर येता येत नाही?" शेवटी एक म्हातारी उठली, जिचा स्वतःचा नवरा दारूनं गेला होता. ती काठी टेकत आली, तुमच्या तोंडाजवळ वाकली, थांबली. "नाही वो," ती वळून म्हणाली. "दारू नाही ही. मी ओळखतो दारू." मग तिनं तुमच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "मंग हे काय होय, बापू?"

वंदना तुमच्याकडंच राहिली, पण पुढच्या पौर्णिमेला तुमचा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंतही पोचेना, तेव्हा तुम्हीच पुस्तक दुसऱ्याच्या हातात दिलं. मामा पांढुर्ण्याला रेल्वेत होते, त्यांनी तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, आणि ताकदीची इंजेक्शनं दिली. मोहल्ल्यात कुणी करणीचं नाव काढलं तर माय अंगावर धावून गेली. मग नागपूरचा मोठा दवाखाना. तिथं एका तरुण डॉक्टरनं बाकी काही विचारायच्या आधी विचारलं, "काम काय करता?" खाणीत ड्रिल चालवता, हे ऐकल्यावर तो खुर्ची सरकवून उठला. "उलटं चालून दाखवा." मामांनी तुम्हाला धरलं, नाहीतर पडलेच असते. डॉक्टर मायला म्हणाला, "बाई, यांना खाणीतून काढा." माय म्हणाली, "आमी कायले काढतो साहेब, त्यायनंच काढलं." पुन्हा आणायला सांगितलं होतं त्यानं, पण बसच्या पायऱ्या चढताना दोनदा पडल्यावर तुम्ही नकाराची मान हलवली आणि आम्ही परत गेलो नाही.

घरीच होते तुम्ही मग. माय लोकांच्या संत्र्यांच्या बागांत मजुरीला जायची, मी शाळेत जायच्या आधी तुम्हाला भाकर कुस्करून द्यायचे. एकदा रागानं मी म्हटलं, "आग लागो त्या खाणीले, बंद पडो ती." तुम्ही त्या न हलणाऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. शब्द जुळवायला वेळ लागला. "असं नाही बोलाव. पोरायचे बाप जाऊन राहिले तिथं. बंद पडली तं खातीन काय?" तुम्ही मला रागावलेले तेवढे एकदाच. त्याच हिवाळ्यात छातीत कफ भरला आणि तुम्ही गेले. ज्या काकांना मायनं चहा विचारला नव्हता, ते खांद्याला होते. तेव्हा त्यांचंही अक्षर बदलायला लागलं होतं का, चाल बदलली होती का, ते कुणी पाहिलं नाही. पुढं दोनेक वर्षांनी तेही तसेच ताठ चालायला लागले, आणि तेव्हा मात्र मोहल्ल्यात कुणी दारूचं नाव काढलं नाही.

मी आधी भूगर्भशास्त्र शिकले आणि मग धुळीकडं वळले. कॉलेजच्या ग्रंथालयात एका दुपारी मला ते पान सापडलं. मॅगनीजची बारीक धूळ श्वासावाटे वर्षानुवर्षं आत जात राहिली तर मेंदूच्या आतल्या एका भागात साचते. आवाज सपाट होतो, चेहरा गोठतो, अक्षर बारीक होतं, विनाकारण हसू येतं, मागं चालता येत नाही. सगळं होतं तिथं, बाबा, एकाखाली एक, जसं कुणी आमच्या ओसरीवर बसून लिहावं. आणि ते तुम्ही खाणीत पहिल्यांदा उतरले त्याच्याही कितीतरी आधीपासून माहीत होतं. दगड ओला करून ड्रिल मारलं तर धूळ बसते, एवढंही माहीत होतं. मी तिथं रडले नाही. फक्त पुस्तक बंद करून पुन्हा त्याच पानावर उघडलं, ते तिथंच आहे का पाहायला.

काल एका कामगारानं विचारलं, "मॅडम, तुमच्या रिपोर्टनं खाण बंद होईन का?" मी म्हटलं, नाही, बंद करायला नाही आलो, ड्रिल मारताना पाणी मारायला सांगायला आलो. त्याचा विश्वास बसला की नाही ठाऊक नाही. मग मी त्याला त्याच्याच अंगणात म्हटलं, "दादा, जरा उलटं चालून दाखवता?" तो हसला, लाजला, आणि झपझप मागं चालत कुंपणापर्यंत गेला. त्याच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी वहीत खूण केली आणि तोंड वळवलं.

हे पत्र मी कुणाला देणार नाही, आणि तुमच्यापर्यंत ते पोचत नाही हेही मला कळतं. पण एक सांगायचं आहे. आमच्या कामात ज्याचा नमुना नाही, त्याच्याबद्दल बोलता येत नाही. तुमचं रक्त कुणी तपासलं नाही, खाणीतली त्या वेळची धूळ कुणी मोजली नाही, अशीच लक्षणं दुसऱ्या एकदोन आजारांतही दिसतात. माझ्या एकाही लेखात तुम्ही नाहीत, आणि असू शकत नाहीत. तरी माय शेवटच्या आजारात होती तेव्हा मी तिच्या कानाशी वाकून, अगदी खात्रीनं, सांगितलं, "माय, आता पक्कं माहीत झालं. मॅगनीजच होतं ते. दारू नव्हती." तिनं डोळे उघडले. "मले कायले सांगून राहिली?" ती म्हणाली. "मले तं तवाच माहीत होतं. त्यायले सांगा लागत होतं. त्यायलेच कधी कधी वाटे, आपल्याच हातून काही चुकलं का." म्हणून तुम्हाला सांगते आहे, बाबा. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. मॅगनीजच होतं की नाही, ते मला खात्रीनं माहीत नाही.