शपथेबाहेरचा बाजार

येळ्ळूर,
रविवार

तीर्थस्वरूप नागेंद्र अण्णा यांच्या चरणी, पाठच्या भावासारख्या भावकूचा नमस्कार.

तुमचा खोकला कसा आहे? बोरगावात तंबाखूचा हंगाम आला की वखारीकडचा वारा तुमच्या छातीत मुक्कामाला येतो, म्हणून आधी तेच विचारतो. वहिनींचा गुडघा आता वळत असेल. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. फक्त मी सध्या दुधाला माइतो, कांद्याला सिपुली आणि बटाट्याला पेरुना म्हणतो. घाबरू नका, डोके जागेवर आहे.

आमची रचना फिनलंडात असते हे तुम्हाला ठाऊक आहे. तिचे दिवस भरत आले आहेत. आईने बाळंतपणाला यावे असा तिचा निरोप आला, तेव्हा मी विचारले, आणि मी? त्यावर तिने अट घातली. आई बाळाजवळ राहील, जावई युवराज कामावर जातील, तेव्हा घरचा बाजार मी करायचा. आणि बाजारापुरते फिनिश बोलता येत असेल तरच यायचे. नाहीतर नातवंडाचे तोंड मोबाइलवर पाहायचे. (इतकी कडक अट आजवर कोणत्याही सरकारने आपल्याला घातलेली नाही.)

मी बाणेदारपणे सांगितले की मी मराठीतच बोलेन, दुकानदाराला गरज असेल तर तो शिकेल. बेळगावच्या बाजारात मी आयुष्यभर हेच केले. निपाणीच्या सभेत, तुमच्याच अध्यक्षतेखाली, मी हात वर करून शपथ घेतली होती की बाजारात माझ्या तोंडून कन्नडचा एक शब्द निघणार नाही. ती मी पाळली. (रचनाची आई राजाबाई पुढे उभी राहून भाजीवालीशी कन्नडमध्ये भाव करते आणि मी मागे पिशवी धरून शपथ पाळतो. पण तो केवळ कामाच्या वाटणीचा प्रश्न आहे.) रचना मात्र म्हणाली, "आप्पा, हितं पिशवी धरायलाबी तुमीच आणि बोलायलाबी तुमीच."

तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओवर शिकवणी चालते. जावई गल्ल्यावर, मी गिऱ्हाईक. तयारीत मी कधी कमी पडलो आहे का? पहिल्याच दिवशी घसा साफ करून बटाट्याने जगातल्या गोरगरिबांना कसे तगवले यावर चार शब्द बोललो, मग पेरुना मागितला, "पाल्योन्को माक्सा?" म्हणून भाव विचारला, भाव ऐकून तोंड वाकडे केले, बटाटा खाली ठेवला आणि परत बोलावतील म्हणून दाराकडे चालू लागलो. कोणी बोलावले नाही. मी उंबऱ्यावर थांबलो, चप्पल घातली, पुन्हा काढली. जावई शांतच! तिथे गेलेले गिऱ्हाईक माघारी बोलावण्याची पद्धतच नाही म्हणे. बटाटा आपणच तोलायचा, भावाची चिठ्ठी आपणच चिकटवायची, आणि पुढच्या माणसापासून हातभर लांब उभे राहायचे. मी विचारले, मग वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या कोण टाकतो? रचनाने कपाळाला हात लावला. अण्णा, हा बाजार नव्हे, वाचनालय आहे.

पण त्याच दुकानातल्या दुधाच्या खोक्याचा फोटो तिने पाठवला आणि माझे डोळे भरून आले. त्यावर दोन भाषा! फिनिशच्या शेजारी स्वीडिश, तेवढ्याच मानाने. त्या देशात घरी स्वीडिश बोलणारे शंभरात जेमतेम पाच, पण त्यांच्याशी दूधसुद्धा त्यांच्या भाषेत बोलते. आणि आपण साध्या सातबारा उताऱ्यावर मराठी यावी म्हणून जन्म घालवला! मी तातडीने चौकात सभा लावली. तो फोटो मोठा करून पाठीमागे टांगला आणि असा बोललो की बसही थांबली. टाळ्या चालू असतानाच मष्णू उभा राहिला. (हा पोरगा पूर्वी आपल्या मोर्चात झेंडा धरायचा, आता प्रश्न विचारतो.)

"आप्पा, तितं तुमी त्या पाच जणांची भाषा शिकायलाय, का पंच्याण्णवांची?"

"पंच्याण्णवांची. दुकानात तीच चालते."

"व्हय व्हय. आणि हितं?"

लोक लई हसले. मी वेळेचे भान राखून आभारप्रदर्शन सुरू केले.

आज शेवटची परीक्षा झाली. मी बरीच वाक्ये घोटली होती. रचनाने सगळी रद्द केली. आत जायचे, "हेइ" म्हणायचे, सामान मुकाट पट्ट्यावर ठेवायचे, "कीतोस" म्हणून आभार मानायचे, बाहेर पडायचे. मधे काही नाही. अण्णा, मी तुरुंगात राहिलो, लाठ्या खाल्ल्या, पण त्या "हेइ" आणि "कीतोस"च्या मधली शांतता मला सोसवेना. घामाने सदरा भिजला. राजाबाई समोर पदर तोंडाला लावून बसली होती. अखेर मी बाहेर पडलो आणि रचना म्हणाली, "पास! आप्पा, तुमी एवढं गप्प जन्मात पयल्यांदा ऱ्हायलासा." पुढच्या महिन्यात आम्ही दोघेही निघतो. आपल्या लढ्याची बाजू मी तिथेही मांडीन, दुकानाबाहेर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
भावकू

ता. क. : मूळ विषय राहिलाच. बाळंतिणीचे अळीव आणि बाळंतशेपा ही बियाणी पडतात म्हणून तिकडच्या सीमेवर अडवतील, असे रचना म्हणते. (सीमा आपली पाठ सोडत नाही.) रचनाच्या गावात हे जिन्नस एकाच दुकानात मिळतात आणि ते चालवणाऱ्या बाई गोकाकच्या, कन्नडच बोलणाऱ्या आहेत. तेव्हा आमची शपथ आपल्या भागातल्या बाजारापुरतीच होती की फिनलंडलाही लागू आहे, याचा निर्णय तुम्ही अध्यक्ष या नात्याने कळवावा. मष्णूला कळू देऊ नये.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी, रचनाने नंबर दिला म्हणून, त्या बाईंचाच फोन आला. अळीव, शेपा, डिंक, सगळे सांगून टाकले. भाव जास्त वाटला म्हणून "राहू द्या" म्हणून फोन ठेवला, तर त्यांनी लगेच फोन करून माघारी बोलावले. भाव उतरला, वर मूठभर खारीक. अर्ध्या तासाचे बोलणे झाले, राजाबाईला मधे बोलूच दिले नाही. तरी परवानगी मागच्या तारखेने द्यावी.