सुवटीच्या पदरात घातलेलं लेकरू

मु. बिसनगढ, जेठ वद्य चतुर्थी

आणि वर मलाच विचारतात, मनभरी, तू घरी का नव्हतीस! अहो, सेठांची मंडळी येणार होती शुक्रवारी आणि उगवली गुरुवारी. माणसानं एका दिवसासाठी भाचीच्या साखरपुड्यालासुद्धा जायचं नाही का? तीस वर्षं ह्या हवेलीचं दार मी राखतेय. हत्तीघोड्यांच्या चित्रांवरची कोळिष्टकं काढून काढून माझी मान वाकडी झाली, आणि एक दिवस नव्हते तर एवढा घोळ घालून ठेवला की आता मलाच दुपारची पाठ टेकता येत नाही.

असो. गिंदोडी बाईसांच्या पायांवर भावजयीचं डोकं. तुमचे गुडघे कसे आहेत? सेठांच्या घरी उभ्यानं पोळ्या लाटू नका, स्टूल मागून घ्या. तुमचे भाऊ ठीक आहेत, म्हणजे झोपलेले आहेत. (फोनच केला असता, पण तुमचा फोन सेठाणीच्या उशाशी असतो आणि ही गोष्ट तिच्या कानावर जायला नको. म्हणून कागद घेऊन बसलेय. अक्षराला हसू नका.)

तर झालं असं. सेठाणीची सून, ती पूर्वी नावाची बहू, तिचा नवरा आणि लेकरू कियान जडुल्यासाठी आले. पोराचं पहिलं जावळ आपल्या पितरांपुढं काढायचं, एवढं एकच काम. आता आपली बिलासरायांची हवेली आणि शेजारची हरदत्तांची हवेली, दोन्ही एकाच कारागिरानं बांधलेल्या, हे तुम्हाला मी काय सांगू. तेच फाटक, तेच मोर, आपल्या दारावर रंगवलेले बंदूकवाले शिपाई आणि त्यांच्या दारावर आगगाडी, एवढाच काय तो फरक. टॅक्सीवाल्यानं ह्यांना आगगाडीपुढं उतरवलं. कुलूप गंजलेलं, धक्का लागताच गळून पडलं. आत भिंतीतल्या आळ्यात, पितरांच्या कोनाड्यात, लाल चुनरी दिसली, आणि हे सगळे तिथंच बसले! अहो, आपले पितर फूलचंदबाबा, त्यांना पांढरं वस्त्र. पुरुष पितराला कुणी लाल चुनरी नेसवतं का? शेंबड्या पोराला कळेल. पण कोलकात्यात वाढलेल्यांना चुनरी दिसली की फोटो काढायचा एवढंच कळतं. न्हावी बनवारी त्यांच्यासोबत होता. मी नंतर त्याला फाडून खाल्ला, तर म्हणतो, "काकी, मोठ्या लोकांना कोण सांगणार? मला वस्तरा चालवायला बोलावलं होतं, तोंड नाही."

नुसतं जावळ काढून थांबले असते तरी निभावलं असतं. पण बहूनं जावळ कणकेच्या गोळ्यात घालून आळ्यात ठेवलं, आणि रीतीप्रमाणं वाकून म्हणाली, "घ्या, तुमचं लेकरू तुमच्या पदरात घातलं." आणि कुणापुढं म्हणाली? सुवटीपुढं!

तुमच्या आईनं तुम्हालाही सांगितलं असेलच. हरदत्तांची ती धाकटी सून, बींदणी. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आली, चौथ्या महिन्यात नवरा रंगूनला व्यापाराला गेला, आणि ती त्याची वाट बघत ज्वरानं गेली. लेकरू नाही, बाळ नाही. म्हणून तिला पितराणी करून बसवली. नव्वद वर्षं तिला कुणी काही दिलं नव्हतं, मागून कुणी उरलंच नाही तर देणार कोण. आणि हिनं एकदम मूल दिलं.

मंडळी दोन दिवस आपल्याकडं राहून, माझ्या हातची बेसनाच्या गट्ट्यांची भाजी खाऊन, तिखट आहे म्हणून गेली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, बाहेर गरम लू अशी वाहत होती की कुत्रीसुद्धा हौदात उतरून बसलेली, मला जिन्यात पैंजण ऐकू आले. वर गेले. खाली आलेच नाहीत. मी उठून बघितलं तर जिन्यातल्या वाळूवर पावलं, बारकी, जोडव्यांच्या खुणा असलेली. दोन हवेल्यांच्या मधल्या भिंतीपासून निघालेली आणि कियान झोपला होता त्या खोलीत शिरलेली. आत मी घडी घालून ठेवलेली गादी पसरलेली, मधोमध मुलाएवढा खळगा. कियानचा एक मोजा राहिला होता, तो दोरीवर वाळत घातलेला. मी तो पेटीत टाकला. दुसऱ्या दिवशी परत धुतलेला, परत दोरीवर. मी धुतला नाही, आणि तुमचे भाऊ स्वतःचा सदरासुद्धा धूत नाहीत.

मग मी शेजारी जाऊन बघितलं. त्यांच्या चौकात झरोक्यात बसलेली नवी नवरी रंगवलेली आहे ना, हातावर पोपट? पोपट आहे. नवरी नाही. तुमचे भाऊ म्हणाले, "रंग उडाला असेल." रंग उडाला की डाग राहतो. इथं भिंत कोरी, स्वच्छ निळी, जसं तिथं कुणी कधी बसलंच नव्हतं. आणि पोपट आधी तिच्याकडं बघायचा, आता दाराकडं बघतोय.

इकडं आपले फूलचंदबाबा रुसलेत. जन्मभर बिनलग्नाचे, एकटे राहायची सवय, त्यात परकी बाई घरात वावरते. त्यांच्यापुढचा दिवा वारा नसताना विझतो. तुपाचा डबा दोनदा पालथा केला. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, बाबा, मी काही तिला बोलावलेली नाही, तुमच्या घरच्या सुनेला विचारा.

मालीराम भोप्याला आणला. त्यानं दाणे टाकले, मोजले, आणि म्हणाला, "मनभरी, तिची चूक नाही. दिलेलं तिनं घेतलं. आता ज्यानं दिलं त्यानंच येऊन मागून घ्यायचं." तेव्हा बाईसा, बहूला सांगा, कियानला घेऊन अमावस्येच्या आत यावं, सुवटीपुढं बसून चूक कबूल करून लेकरू मागून घ्यावं, आणि फूलचंदबाबांपुढं नीट जडुला करावा. नाही आली तर मी किल्ल्या ठेवून भाचीकडं राहायला जाईन, हवेली सांभाळा म्हणावं तुमची तुम्ही. पोराचं काही झालं तर माझ्याकडं यायचं नाही.

तुमची,
मनभरी

ता. क. किल्ल्यांचं सेठाणीला सांगू नका. मी कुठं जाणार?

ता. क. दुसरा. वर मी अर्धंच लिहिलं, तेही आधीचं. खरं म्हणजे बहूलाही काही सांगू नका. आता आली तरी उपयोग नाही. ऐका. आठ दिवस सुवटी दुपारी माझ्या पाठीमागं येऊन बसायची. मी बाजरी निवडत असायचे. वळून बघायचं नाही हे मला कळत होतं. नुसतं एवढंच विचारायची, "कधी येणार?" आवाज असा, जसा कित्येक दिवस पाणी न प्यालेल्या माणसाचा. मी चांगली झापली तिला. म्हटलं, बाई, त्याला आई आहे, तो नाही येणार. तर रडायला लागली. आवाज न करता. माझी पाठ भिजली, बाईसा, चोळी पिळावी लागली. चार दिवस भिजली. ज्या दिवशी ती आली नाही असं वाटायचं त्या दिवशी मीच बाजरी तशीच ठेवून वाट बघत बसायचे, हे तुम्हाला म्हणून लिहिते. शेवटी मी पत्ता सांगितला. काय करणार? हावड्याचा पूल ओलांडायचा, पिवळी इमारत, तिसरा मजला, विजेच्या पाळण्यात बसून वर जायचं, घाबरायचं नाही, स्वयंपाकघरात माझी नणंद आहे, गिंदोडी नाव, तिला सांग मनभरीनं पाठवलं. त्या दुपारपासून इथं काही नाही. फूलचंदबाबांचा दिवा सरळ जळतोय. घर इतकं शांत आहे की मला बसवत नाही.

तर आता तुमचं काम. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वाटीभर खीर ठेवा, गरम नको. तिच्यावर ओरडू नका. पण मुलाजवळ तिला एकटीला बसू देऊ नका, आणि कियान कुणीच नसलेल्या जागेकडं बघून हसतो का, हात पुढं करतो का, तेवढं बघा. पोचली नसेल तर बिचारी वाटेत कुठं उतरून बसली असेल. जयपूरला गाडी बदलावी लागते हे सांगायचं माझ्याकडून राहिलंच. पोचली की नाही, आणि तो आई कुणाला म्हणतो, हे मला निर्जला एकादशीच्या आत कळलंच पाहिजे.