स्वतः टिपलेला तितर

आदरणीय ओर्विलदादा (बायकोचा थोरला भाऊ तो आपलाही दादाच),

वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकू देत नाही, तेव्हा सध्या कागदावरच.) तुमचा गुडघा कसा आहे? इकडे व्हर्ना मजेत, म्हणजे माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे.

का रुसली होती ते ऐका. आमच्या क्लबाचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच: जूनच्या स्पर्धेत ट्राउट मासा धरायचा तो गळाला दोरा-पीस गुंडाळून स्वतः बांधलेल्या खोट्या माशीवर, आणि माशीचं पीसही स्वतः टिपलेल्या पक्ष्याचं. गेल्या थंडीच्या तोंडापर्यंत मी गव्हाची कापलेली रानं तुडवली, तेव्हा कुठे एक तितर पडला. कातडं सोललं, मीठ चोळलं आणि सुकायला ओव्हनमध्ये ठेवलं. (बंद ओव्हन हो! आतल्या बारीक ज्योतीची ऊब पुरते.) व्हर्नाने आत न बघता केकसाठी ओव्हन पेटवला. चर्चच्या बायका आल्या आणि वासाने दारातूनच परत गेल्या.

"या घरात एक तर तो पक्षी राहील, नाहीतर मी!" व्हर्ना कडाडली.

"अगं, पक्षी आता राहिलाय कुठे?" मी म्हणालो. चुकलंच माझं.

तरीही परवा करंडक मीच मारला, दादा! ठिपकेदार पिसाचे दोन वेढे दिलेली माशी पाण्यावर पडायचा अवकाश, हातभर ट्राउट तुटून पडला. मी गुडघाभर पाण्यात नाचलो. पण हेझल टॉलेफसन (सात वर्षं हीच बया जिंकते) सगळ्यांसमोर म्हणाली, "लाइल, रविवारी तितराचं कातडं आण बरं. नाही आणलंस तर करंडक मुकाट्याने टेबलावर ठेव." बाई भलती संशयी. एकसष्टाव्या वर्षी मिळालेला पहिला करंडक परत कसा द्यायचा?

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
लाइल

ता. क. : तुमच्या बैठकीतला पेंढा भरलेला तितर भिंतीकडून फिरवून बघू नका. ईस्टरला तुम्ही हॅम कापत होतात, तेव्हा त्याच्या पाठीची सहा पिसं मी काढली. रविवारच्या आत तो पाठवाल का? सोबत तो मीच टिपल्याची साक्ष देणाऱ्या चार ओळीही?

पुन्हा ता. क. : तो तुम्ही एकाच बारात कसा पाडलात ते दर ईस्टरला ऐकतो, म्हणून मागायला जीभ रेटत नाही. पण पिसं उपटताना बुडाखाली बिलिंग्जच्या दुकानाची विक्रीची चिठ्ठी दिसली. मी कुणाला बोललो नाही, वहिनींनाही नाही. तुम्ही टिपला नाही, मी टिपला नाही. मग आता थोडे दिवस मी टिपला म्हटलं तर तितराचं काय बिघडतं?